शालेय शिक्षणात संगणकावरील खेळांचे स्थान

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनातील शिक्षणविषयक बैठकीत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांचे पत्र हाती पडले तेव्हा दरवर्षीप्रमाणे शिष्यवृत्तिनिधीविषयी चार शब्द बोलावयाचे असतील, अशी माझी समजूत झाली होती. पत्र उघडून पाहतो तो विषय निघाला मुलांच्या व्हिडिओ गेमचा! बत्तीस वर्षे मी खडू आणि फळा यांच्या साहाय्याने गणित शिकविले. त्या काळात मुलांच्या दप्तरातून भोवरे, गोट्या आणि अखेरच्या वर्षांत मोबाइल जप्त करून मी ते मेजाच्या खणात ठेवीत असे. अशा माणसाने खेळांची तरफदारी करावी हे थोडेसे विनोदी वाटेल. तरीही हे निमंत्रण मी आनंदाने स्वीकारले, कारण या विषयात माझ्याकडून एक चूक घडली आहे आणि तिची कबुली देण्यास ज्ञातिसभेच्या व्यासपीठाहून योग्य जागा दुसरी नाही.

आपणांस स्मरत असेल, तीन वर्षांपूर्वी ज्ञातीतील एका उदार गृहस्थांनी आपल्या विद्यार्थि-वसतिगृहास पाच संगणक दिले. सहा महिने झाले नाहीत तोच तक्रारी येऊ लागल्या. मुले रात्री अभ्यास सोडून खेळत बसतात, मोठी मुले लहानांना जागाच देत नाहीत, आणि एका मुलाची सहामाही परीक्षा त्या पायी बुडाली. कार्यकारी मंडळाची बैठक झाली व त्या खोलीस कुलूप घालण्याचा ठराव एकमताने संमत झाला. तो ठराव मांडणारा मीच होतो. आज दोन वर्षे ते संगणक कापडाखाली झाकून पडले आहेत. ज्यांनी ते दिले त्यांनी एका शब्दानेही नाराजी दाखविली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

माझे मत बदलण्यास कारण झाला माझा नातू. गेल्या दिवाळीत तो आमच्याकडे आला असता दुपारभर माइनक्राफ्ट नावाच्या खेळात रमलेला असे. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे सर्व जग ठोकळ्यांचे बनलेले असते. माती, दगड, लाकूड जे काही आहे ते घनाकृती ठोकळ्यांच्या रूपात, आणि प्रत्येक ठोकळ्याची बाजू एक मीटर. ते काढावयाचे, रचावयाचे आणि त्यांतून घरे, पूल, किल्ले उभारावयाचे. नातू त्यात विहीर खणीत होता. मी सहज विचारले, "किती दगड निघाले रे?" तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "आजोबा, एका थरात सात साते एकोणपन्नास. दहा थर खणले. चारशे नव्वद."

मी चकित झालो. घनफळ म्हणजे एका थरातील घनांची संख्या गुणिले थरांची संख्या, हे मुलांच्या डोक्यात उतरविण्यासाठी मी आयुष्यभर खडूने तिरक्या रेषा मारून फळ्यावर पेट्या काढीत आलो. येथे तेच ज्ञान एक सहावीतला मुलगा विहीर खणता खणता उचलीत होता. माझ्यातील शिक्षक जागा झाला. मी वही पुढे करून उदाहरण घातले : "पाण्याची एक टाकी 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद व दीड मीटर खोल आहे. तीत किती लिटर पाणी मावेल?" मुलाने वहीकडे पाहिले आणि सरळ सांगितले, "हे आम्हांला अजून नीट येत नाही."

मंडळी, या एका उत्तरात आजच्या विषयाचे सारे मर्म आहे. ज्याला चारशे नव्वद ठोकळे मोजता आले त्याला टाकीचे उदाहरण सुटेना. कारण विहीर आणि टाकी ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मग आम्ही दोघे जमिनीवर बसलो. मी विचारले, "या टाकीत तुझे ठोकळे भरले तर तळच्या थरात किती?" "सहा." "थर किती?" तो थबकला, थोड्या वेळाने म्हणाला, "एक पूर्ण आणि एक अर्धा. म्हणजे सहा आणि तीन, नऊ!" नऊ घनमीटर, एका घनमीटरला हजार लिटर, म्हणजे नऊ हजार लिटर. हा सारा संवाद दहा मिनिटांचा. पण त्या दहा मिनिटांवाचून खेळ हा खेळच राहिला असता, आणि त्या खेळावाचून माझी दहा मिनिटेही बहुधा वायाच गेली असती.

खेळातून शिक्षण ही कल्पना आपल्याकडे आजची नव्हे. सापशिडीचा आपला जुना अवतार म्हणजे मोक्षपट. परंपरा त्याचे नाते श्रीज्ञानेश्वरांशी जोडते. त्या पटावरील घरांना नावे असत. सद्गुणांच्या घरांतून शिडी वर चढे, दुर्गुणांच्या घरांतून साप खाली गिळी, आणि सर्वांत वर परमपद. पोर दान टाकता टाकता विचारी, "आजी, मत्सर म्हणजे काय? तेथे साप का?" आणि आजी सांगे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात पोचला. आरंभी तेथेही घरांवर नीतीची चित्रे होती. पुढे हळूहळू ती गळून पडली आणि नुसते आकडे उरले. आज आपली मुले जी सापशिडी खेळतात तीत साप आहेत, शिड्या आहेत; मत्सर नाही आणि दयाही नाही. खेळ टिकला, बोध हरवला. कारण बोध लाकडी पटात नव्हता. पटावरील नावात आणि आजीच्या उत्तरात तो होता.

आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडकांनी हे सूत्र पुन्हा हाती घेतले. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाचे धडे घेतले; 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली; आणि 1945 साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण मुलांसाठी कार्य आरंभिले. त्यात अनुताई वाघांची त्यांना आयुष्यभराची साथ लाभली. महागडी साधने परवडत नाहीत म्हणून त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. शंख, शिंपले, पाने, बिया यांतून त्यांनी साधने घडविली. साधन शिंपल्याचे असो वा विजेवर चालणारे असो, त्याच्या शेजारी जाणते माणूस बसलेले असावे, हा त्यांच्या कार्याचा पाठ मी मानतो.

आता परदेशातील एक प्रसंग थोडा विस्ताराने सांगतो, कारण वर्गातील संगणक-खेळांच्या इतिहासात तो अग्रभागी आहे. अमेरिकेत गेल्याच्या गेल्या शतकात, 1840 नंतरच्या दशकांत, हजारो कुटुंबे मिसूरी नदीच्या परिसरातून पश्चिमेकडील ऑरेगन प्रांतात वस्तीसाठी निघाली. सुमारे दोन हजार मैलांचा प्रवास, तोही बैल जुंपलेल्या छपराच्या गाड्यांतून. वाटेत नद्या, डोंगर, रोगराई. 1971 साली मिनेसोटा राज्यातील मिनिॲपोलिस शहरात डॉन रॅविच नावाचा एक तरुण, शिक्षकी पेशाची उमेदवारी करीत असता, आठवीच्या वर्गास हा इतिहास शिकवीत होता. सनावळ्या घोकवून घेण्यात त्याला गोडी नव्हती. त्याने नकाशा काढून फाशांनी खेळावयाचा एक पट आखण्यास घेतला. त्याच्याबरोबर राहणारे बिल हाइनमन व पॉल डिलनबर्गर हे दोघे मित्र गणिताचे उमेदवार शिक्षक होते. त्यांनी सुचविले, हा पट संगणकावर का मांडू नये? सुमारे दोन आठवडे खपून तिघांनी तो सिद्ध केला आणि 3 डिसेंबर 1971 रोजी तो वर्गात आणला. त्याचे नाव 'ऑरेगन ट्रेल'.

त्या वेळी पडदा नव्हता, चित्रे नव्हती. टंकलेखन यंत्रासारखे एक यंत्र दूरच्या संगणकास दूरध्वनीच्या तारेने जोडलेले असे व ते कागदाच्या गुंडाळीवर अक्षरे छापी. या खेळाची आज्ञावली पुढे 1978 साली छापून प्रसिद्ध झाली, तीत आरंभीच सांगितले आहे की, तुम्ही नऊशे डॉलर साठविले होते, त्यांतील दोनशे गाडीस गेले. उरलेल्या सातशेत बैल, धान्य, दारूगोळा, कपडे व इतर सामान घ्या. बैलांवर कमी खर्चिले तर गाडी हळू चाले आणि हिवाळा डोंगरात गाठी. कपड्यांत काटकसर केली तर थंडीने माणसे आजारी पडत. शिकार करावयाची तर 'बँग' हा शब्द चटकन व बिनचूक टंकावा लागे. एकच यंत्र आणि वर्गभर मुले, तेव्हा मुलांनी आपोआप कामे वाटून घेतली. एकाने टंकावे, एकाने नकाशावर खूण करावी, एकाने जमाखर्च ठेवावा, आणि निर्णय सर्वांनी मिळून घ्यावा. बंधुभगिनींनो, आपल्या घरची लग्ने ज्यांनी पार पाडली आहेत त्यांना निराळे सांगावयास नको की, एवढे ज्याला आले त्याला संसार आला!

सत्र संपल्यावर रॅविचने तो खेळ संगणकातून काढून टाकला. केवळ छापील प्रत जपून ठेविली. 1974 साली राज्यातील शाळांना संगणक पुरविणाऱ्या संस्थेत तो नोकरीस लागला, तेव्हा त्याने ती प्रत पुन्हा टंकून भरली. पण त्याआधी त्याने एक काम केले. त्या वाटेने गेलेल्या प्रवाशांच्या रोजनिशा त्याने वाचल्या. पाऊस किती वेळा, आजार किती वेळा, गाडी मोडणे किती वेळा, याचा अंदाज घेऊन खेळातील संकटांचे प्रमाण त्याने सुधारले. खेळातील अतिसाराने मरण येण्याचा प्रसंग अमेरिकेतील एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात कोरला गेला आहे. मुलांना सर्वांत जास्त हसविणारी ती गोष्ट रोजनिशा वाचून मोजलेल्या सत्यावर उभी होती.

तथापि या खेळाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. ज्या भूमीतून या गाड्या गेल्या ती रिकामी नव्हती. तेथे मूळचे लोक नांदत होते, आणि त्या स्थलांतराने त्यांचे सर्वस्व गेले. खेळात मात्र मूल नेहमी गाडीत बसलेले. वाटेवरचा माणूस हा कधी अडथळा तर कधी वाटाड्या. यावर तेथील शिक्षकांनीच 1990 नंतर कठोर टीका केली. 2021 साली या खेळाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा मूलनिवासी समाजातील इतिहासतज्ज्ञांचा सल्ला घेऊन तीत सुधारणा करण्यात आल्या. म्हणजे पन्नास वर्षे लागली! तोपर्यंत ज्या वर्गात शिक्षकाने विचारले की, "मुलांनो, हीच गोष्ट वाटेवरच्या माणसाने सांगितली असती तर कशी सांगितली असती?" त्या वर्गातील मुले इतिहास शिकली. जेथे कोणी विचारले नाही तेथे मुले केवळ ऑरेगनला पोचली. खेळात जे नाही त्याची विचारणा खेळ स्वतः करीत नाही. ती माणसाने करावयाची असते.

कोणी म्हणेल, हे शिक्षकाचे आत्मप्रौढीचे बोलणे झाले. म्हणून अभ्यासकांचे दोन दाखले देतो. 2013 साली हॉलंडमधील संशोधकांनी या विषयावरील अनेक प्रयोगांचे एकत्र परिशीलन केले. शिक्षणार्थ रचलेल्या खेळांनी मुले नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक शिकतात व शिकलेले अधिक काळ टिकते, असे त्यांना आढळले. मात्र लाभ अधिक केव्हा? खेळाला इतर अध्यापनाची जोड दिली तर, तो एकाहून अधिक वेळा योजला तर आणि मुले गटाने खेळली तर. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, ती आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. या खेळांनी मुलांची शिकण्याची हौस नेहमीच्या पाठापेक्षा अधिक वाढली, असे सिद्ध झाले नाही. सबब, "मुलांना गंमत वाटते, म्हणून खेळ आणा" हा युक्तिवाद लंगडा आहे.

दुसरा दाखला इंग्लंडचा. जेकब हॅबगुड व शेरॉन एन्सवर्थ या दोघांनी भागाकाराचा एक खेळ दोन तऱ्हांनी रचला आणि 2011 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळात सांगाड्यांशी लढावयाचे असते. एका तऱ्हेत प्रत्येक सांगाड्याच्या छातीवर संख्या असे व तिला निःशेष भाग जाईल असे शस्त्र निवडावे लागे. म्हणजे गणित हीच लढाई. दुसऱ्या तऱ्हेत लढाई निराळी व गणिते शेवटी निराळी. पहिल्या तऱ्हेची मुले अधिक शिकली. आणि दोन्हींतून हवा तो खेळ निवडण्याची मुभा दिली असता मुलांनी पहिल्यावर सुमारे सात पट अधिक वेळ घालविला. याही प्रयोगात खेळाच्या जोडीला शिक्षकाने घेतलेली चर्चा होती, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. बाजारात शैक्षणिक म्हणून विकले जाणारे पुष्कळ खेळ दुसऱ्या जातीचे असतात. बेरीज करा, मग गोळ्या झाडा. त्यांत बेरीज म्हणजे जकात आणि गोळ्या म्हणजे जत्रा. मूल जकात चुकविण्यास शिकते. पालकांनी खेळ पारखताना एवढाच प्रश्न विचारावा : यातील विद्या काढून टाकली तर खेळ उरतो काय? उरत असेल तर ती विद्या वरवर चिकटविलेली आहे असे समजावे.

आता ज्या भीतीने आपण कुलूप घातले तिचाही विचार केला पाहिजे. ती भीती खोटी नव्हती. खेळाच्या आहारी जाणे हा विकार जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात घेतला असून ते वर्गीकरण 2022 च्या जानेवारीपासून अमलात आले आहे. मात्र त्याची लक्षणे नेमकी आहेत : खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ वरचढ ठरणे, हानी दिसत असताही तो न थांबणे, आणि हे सामान्यतः बारा महिने टिकणे. दोन तास हट्ट करणारे प्रत्येक मूल रोगी नव्हे. पण वर्षभर जेवण, झोप व मित्र सोडणारे मूल दुर्लक्ष करण्यासारखेही नव्हे. तद्वत, पैसे लावून खेळावयाचे खेळ. त्यांनी कित्येक घरे धुळीस मिळविली. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून अशा खेळांवर बंदी घातली. त्याच कायद्यात शैक्षणिक व करमणुकीच्या खेळांना मात्र उत्तेजन देण्याचे धोरण आहे. कायदा करणाऱ्यांनी जुगार आणि खेळ यांत भेद केला. आम्ही मात्र आमच्या बैठकीत तो केला नाही. सरसकट कुलूप घातले.

त्या कुलपाने काय साधले? ज्यांच्या घरी मोबाइल आहे ती मुले पांघरुणाखाली खेळू लागली, एकटी, आणि कोणी पाहत नसता. ज्यांच्या घरी काहीच नाही, आणि आपल्या वसतिगृहात अशीच मुले अधिक आहेत, त्यांची संगणकाशी ओळखच तुटली. शहरातील संपन्न घरचे मूल पुढे गेले आणि शेतमजुराचे मूल बंद दाराबाहेर उभे राहिले. आपल्या पूर्वजांनी वर्गणी काढून हे वसतिगृह बांधले ते नेमके हे अंतर कमी व्हावे म्हणून. त्या हेतूला माझ्या ठरावाने बाधा आली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे काही सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली : खोली उघडावी, परंतु ठरावीक वेळीच, आणि ज्ञातीतील निवृत्त शिक्षक अथवा महाविद्यालयीन तरुण यांपैकी कोणी उपस्थित असतानाच. दुसरी : एका संगणकावर तिघे बसावेत आणि एकाने हातात वही धरावी, मिनेसोटातील मुलांनी परिस्थितीने जे केले ते आपण योजून करावे. तिसरी : खेळ अर्धा तास आणि त्यानंतर त्यावर बोलणे निदान पाव तास; बोलणे नाही त्या दिवशी खेळही नाही. चौथी : पैशांचा संबंध येणारा कोणताही खेळ त्या खोलीत नको. पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची : आठवड्यातील दोन दुपारी गावातील आपल्या मुलींसाठी राखून ठेवाव्यात. यंत्र आले की मुलगे पुढे आणि मुली दाराशी, हे दृश्य मी शाळेत पुष्कळ पाहिले आहे. आपल्या वास्तूत ते दिसू नये.

यासाठी निधी फारसा लागणार नाही. लागेल तो वेळ. आपल्या ज्ञातीत निवृत्त शिक्षक, बँकेतील अधिकारी, अभियंते थोडेथोडके नाहीत. वर्गणी देणे आपणांस ठाऊक आहे. आता आठवड्याचे दोन तास देण्याची प्रथा पाडू या. आरंभ म्हणून सोमवार व गुरुवार या दोन दिवसांसाठी मी माझे नाव चिटणीसांकडे आजच लिहून दिले आहे. माइनक्राफ्ट मला खेळता येत नाही, पण "एका थरात किती?" एवढे विचारता येते, आणि उत्तर ऐकत बसण्याइतका धीर या वयात आला आहे.

कुलूप घालण्याचा ठराव मी मांडला होता. ते उघडण्याचा ठरावही मांडण्याची परवानगी अध्यक्षमहाशयांनी मला द्यावी, एवढी विनंती आहे.